डिप्पर मारला की जादा दिवे विझलेच पाहिजेत: हिमालयन ४११ चं वायरिंग

क्रॅशगार्डवर जादा दिवे लावायचे, तर त्यासाठी बाजारात मिळणाऱ्या तयार हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, एक रिले (लहान करंटने चालणारा मोठा स्विच), एक फ्यूज आणि एक बटण असतं. बटण दाबलं की दिवे लागतात, पुन्हा दाबलं की विझतात. वरंध किंवा आंबोली घाटात रात्री ही सोय कामाची नाही. वळणावर अचानक समोरून एसटी येते, डावा अंगठा डिप्परवर जातो, हेडलाइट खाली येतो आणि खालचे दोन जादा दिवे मात्र ड्रायव्हरच्या डोळ्यांत तसेच घुसत राहतात. बटण शोधेपर्यंत एसटी निघून गेलेली असते. म्हणून इथे दिलेलं वायरिंग एकाच गोष्टीभोवती रचलं आहे: लांब पल्ल्याचा उजेड हाय बीमला बांधलेला हवा, तो वेगळ्या बटणाच्या भरवशावर नको. उदाहरणाला रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ घेतली आहे, कारण तिचा हेडलाइट साध्या एच-४ बल्बचा (हाय आणि लो दोन्ही एकाच बल्बात) आहे आणि त्यामुळे मूळ वायर न कापता काम होतं. हेडलाइट अख्खा एलईडी असेल, तर तत्त्व तेच राहतं, फक्त दिवे कधी लावायचे हे रिलेला सांगणारा सिग्नल घ्यायची जागा बदलते.

आधी वॅटचा हिशेब. या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, सुमारे २२० वॅटचा आणि बॅटरी ८ अँपिअर-अवरची. हे २२० वॅट इंजिन फिरत असतानाचे आहेत, आयडलिंगला एवढे मिळत नाहीत. हेडलाइट ५५-६० वॅट खातो. पेट्रोल पंप, इंजेक्शन आणि इग्निशन मिळून ढोबळमानाने तेवढंच. मीटर, टेललाइट, एबीएस आणि मोबाइलचा चार्जर धरला की हातात साठ-सत्तर वॅट उरतात. यात २० वॅटचे दोन एलईडी आरामात बसतात. ५५ वॅटचे दोन हॅलोजन बसत नाहीत. ते लावले तर पहिल्या रात्री काही बिघडणार नाही, पण सकाळी स्टार्टर कण्हायला लागेल.

खोक्यावरच्या वॅटवर विश्वास ठेवू नका. ‘६० वॅट’ छापलेला दिवा मोजला तर अनेकदा २० सुद्धा भरत नाही, आणि कधीतरी उलटंही निघतं. मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावून तो दिव्याच्या लाल वायरीत मालिकेत जोडा. बॅटरीवर दिवा पेटवून जेवढे अँपिअर येतील त्याला बॅटरीच्या व्होल्टेजने गुणा. फ्यूज आणि वायर या आकड्यावर ठरवायची. दोन दिव्यांचे मिळून ४० वॅट धरले, तर गाडी चालू असताना सुमारे ३ अँपिअर होतात.

दिवे घेताना आणखी एक अट, आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. काही स्वस्त दिव्यांना दोनच वायर असतात, पण मोड तीन: पूर्ण, मंद आणि लुकलुकणारा. वीज तुटून पुन्हा आली की मोड बदलतो. असा दिवा हाय बीमला जोडला, तर प्रत्येक डिप्परनंतर मोड पुढे सरकतो आणि समोरच्याला तुम्ही लुकलुकत येताना दिसता. दुकानात उभ्या उभ्या बॅटरीला चार-पाच वेळा वायर टेकवून बघा. दर वेळी उजेड तसाच आला पाहिजे. पांढरा-पिवळा असा दुहेरी दिवा असेल, तर प्रत्येक रंगाची वायर वेगळी असलेलाच घ्या. त्याला दोन रिले लागतील, एवढाच फरक.

रंगावरून बरेच वाद होतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात की पिवळा प्रकाश धुकं ‘भेदतो’ वगैरे काही होत नाही. धुक्यात उपयोग होतो तो दिवा खाली असण्याचा आणि बीम वरून कापलेला असण्याचा. पिवळा अनेकांच्या डोळ्यांना सुसह्य वाटतो, हे मात्र खरं, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. घाटासाठी लांब फेकणाऱ्यापेक्षा रुंद पसरणारा बीम घ्या. चाळीसच्या वेगाने वळण घेताना दोनशे मीटरवरचं झाड दिसून काय करणार? रस्त्याची डावी कड आणि वळणाची आतली बाजू दिसायला हवी.

आता सामान. चार पिनांचा १२ व्होल्ट, ३० अँपिअरचा रिले एक, त्याचा बेस एक. रिले कारच्या हॉर्नला लागतो तोच, कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल. झाकणवाला ब्लेड फ्यूज होल्डर एक मोठा आणि दोन छोटे, ५ अँपिअरचे फ्यूज तीन आणि २ अँपिअरचे चार. मुख्य लाइनसाठी १ चौरस मिलिमीटरची ऑटो वायर, लाल आणि काळी प्रत्येकी ३ मीटर. सिग्नलसाठी अर्ध्या चौरस मिलिमीटरची तीन रंगांत, प्रत्येकी २ मीटर आणि वर थोडी. हँडलवर बसणारा तीन स्थितींचा पाणीरोधक स्विच: मध्ये बंद, दोन्ही बाजूंना चालू. एक १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा). एच-४ चा नर-मादी जोड, म्हणजे कार ॲक्सेसरीवाल्यांकडे मिळणारी छोटी एक्स्टेन्शन. बॅटरीच्या बोल्टच्या मापाचे गोल थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे), चपटे थिंबल, आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आकसून घट्ट बसणारी नळी), ८-१० मिलिमीटरची लवचिक नळी ३ मीटर आणि काळे टाय मूठभर. दिव्यांच्या टोकाला दोन पिनांचे रबर सीलवाले कनेक्टर लावा, म्हणजे क्रॅशगार्ड काढायची वेळ आली तर वायर तोडावी लागणार नाही.

घरातल्या फिटिंगची उरलेली वायर वापरू नका. एकाच जाड तारेची असेल तर सिंगल सिलिंडरच्या थरथराटाने ती थिंबलपाशी तुटते. अनेक तारांची असली, तरी तिचं पीव्हीसी साधारण ७० अंशांपर्यंतचं असतं आणि सिलिंडर हेडजवळ ते मऊ पडतं. जाडीचा हिशेब असा: बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाऊन-येऊन ४ मीटर धरले आणि ३ अँपिअर वाहत असले, तर अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्यात जवळपास अर्धा व्होल्ट गळतो, एकच्या वायरीत पाव व्होल्टपेक्षा कमी. चांगल्या एलईडीला अर्ध्या व्होल्टचा फरक जाणवणार नाही, कारण त्याच्या आतलं ‘ड्रायव्हर’ सर्किट कमी व्होल्टेजवर थोडा जास्त करंट ओढून उजेड तेवढाच ठेवतं. हॅलोजनची गोष्ट वेगळी. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की उजेड सुमारे तीस टक्के घटतो.

रिले कुठे, फ्यूज कुठे

रिले म्हणजे लहान करंटने चालणारा मोठा स्विच. ८५ आणि ८६ या पिनांमध्ये गुंडाळी असते, ती जेमतेम दीडशे मिलीअँपिअर घेते. ३० आणि ८७ मध्ये दिव्यांचा खरा करंट वाहतो. हँडलवरचा नाजूक स्विच आणि गाडीची मूळ वायरिंग या दोघांवर फक्त गुंडाळीचा भार येतो. पाच पिनांचा रिले हाती आला तर मधली ८७ए मोकळी सोडा. ती रिले बंद असताना चालू असते, आणि चुकून दिवे तिथे जोडले तर गाडी बंद करून घरी गेल्यावर ते उजळतील.

बरेच वायरमन रिले हेडलाइटच्या मागे कोंबतात. जागा तिथे सोपी असते, पण मग बॅटरीची कायम जिवंत वायर टाकीखालून पुढपर्यंत जाते आणि पाऊसही तिथेच मारतो. रिले सीटखाली ठेवा. बॅटरी, ५ अँपिअरचा फ्यूज आणि ३० नंबरची पिन हे सगळं वीतभर अंतरात आवरतं. पुढे जाणारी लाल वायर दिवे बंद असताना मृत असते. सिग्नलच्या वायरी लांब होतात, पण दीडशे मिलीअँपिअरला त्याचं काही वाटत नाही. रिलेच्या पिना खाली तोंड करून बसवा, म्हणजे पाणी बेसमध्ये साचणार नाही.

फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. त्यामुळे त्याची जागा बॅटरीच्या धन टोकापासून १५-२० सेंटिमीटरच्या आत. दिव्यापाशी लावलेला फ्यूज टाकीखाली घासलेल्या वायरीसाठी काहीही करू शकत नाही. आणि ५ चा उडतो म्हणून १५ चा घालू नका. उडण्याचं कारण शोधा.

दोन सिग्नल, एक स्विच

स्विचच्या मधल्या पिनेतून निघालेली वायर सीटखाली रिलेच्या ८६ वर येते. ८५ थेट बॅटरीच्या ऋण टोकाला. स्विचच्या एका बाजूला हाय बीमचा सिग्नल, दुसऱ्या बाजूला टेललाइटचा.

पहिल्या बाजूला स्विच ठेवला की दिवे हाय बीमबरोबर लागतात आणि डिप्पर मारताच विझतात. पासिंगचं बटण दाबलं तरी तेही सोबत चमकतात. रोजच्या रात्रीच्या प्रवासाची ही जागा. दुसऱ्या बाजूला ठेवला की हेडलाइट लो बीमवर असतानाही दिवे चालू राहतात. ही जागा फक्त धुक्यासाठी आणि मुसळधार पावसासाठी. मध्ये ठेवला की पूर्ण बंद. दोन्ही सिग्नल एकमेकांना कधीच जोडले जात नाहीत, त्यामुळे हाय बीमचा करंट उलटा टेललाइटमध्ये शिरायचा प्रश्न नाही. हेच काम दोन साध्या बटणांनी करायला गेलं की नेमका तो प्रश्न येतो.

हाय बीमचा सिग्नल एच-४ च्या एक्स्टेन्शनमधून घ्या. हेडलाइटचा मूळ प्लग एक्स्टेन्शनमध्ये, एक्स्टेन्शन बल्बवर, आणि जी काही वायर जोडायची ती एक्स्टेन्शनच्या हाय बीमच्या वायरीला. वॉरंटीचा वाद झाला तर दोन मिनिटांत सगळं काढून गाडी मूळ रूपात आणता येते. कोणती वायर हाय बीमची, हे रंगावरून ठरवू नका. मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल टोक एकेका पिनेला लावून डिप्पर वर-खाली करा. हायवर १२ व्होल्टच्या आसपास आणि लोवर शून्य देणारी तुमची वायर. काही गाड्यांमध्ये हेडलाइटची धन बाजू कायम जिवंत असते आणि स्विच ऋण बाजू तोडतो. तिथे हे वाचन उलटंसुलटं येईल, आणि मग ८५-८६ ची जोडणीही उलटवावी लागेल. म्हणून आधी मोजा.

टेललाइटची वायर सीटखालीच सापडते. ब्रेक न दाबता, किल्ली फिरवल्यावर किंवा इंजिन चालू असताना जिच्यात १२ व्होल्ट असतात ती. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट आपोआप चालू ठेवणं सक्तीचं झालं आहे, त्यामुळे गाडी चालू असेपर्यंत हा सिग्नल मिळत राहतो आणि किल्ली काढली की संपतो. सिग्नल थेट बॅटरीतून घेतला, तर पार्किंगमध्ये कुणी स्विचशी खेळला की ३ अँपिअर ८ अँपिअर-अवरची बॅटरी खायला लागतात. चहा-नाश्ता लांबला तर गाडी ढकलत सुरू करायची.

दोन्ही सिग्नलच्या वायरींना, जिथून सिग्नल घेतला तिथेच, २ अँपिअरचा एकेक फ्यूज लावा. हे जवळजवळ कुणी करत नाही. हँडल वळताना वायर घासून फ्रेमला टेकली, तर हा फ्यूज नसताना गाडीचा मूळ लाइटचा फ्यूज उडतो, आणि मग रात्री घाटात हेडलाइट आणि टेललाइट एकदम जातात. जादा दिव्यापायी मूळ दिवा गमावणं हा या वायरिंगमधला सगळ्यात वाईट बिघाड आहे.

डायोड ८५ आणि ८६ च्या मध्ये, पांढरा पट्टा ८६ कडे. गुंडाळी बंद होताना उलट्या दिशेने व्होल्टेजचा झटका देते, तो डायोड गिळतो. उलटा लावला तर सिग्नलचा फ्यूज उडतो, तेव्हा चूक लगेच कळते.

एलईडी हेडलाइटच्या आणि संगणकाने दिवे सांभाळणाऱ्या गाड्यांमध्ये हेडलाइटच्या वायरीला हात लावू नका. तिथला पुरवठा तुकड्यातुकड्यांनी येत असला तर रिले थरथरतो, किंवा मीटरवर बिघाडाची खूण येते. अशा गाडीत कंपनीने जादा सामानासाठी कनेक्टर दिला आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा.

प्रत्यक्ष काम

बॅटरीचं ऋण टोक आधी सोडा आणि शेवटी जोडा. सगळी जोडणी गाडीवर चढवण्याआधी जमिनीवर मांडून एकदा चालवून बघा. रिले ‘टक’ करतो, दिवे लागतात, मधल्या स्थितीत विझतात, एवढं झालं की मगच टाकी उचला. टाकी उचलताना पेट्रोलची नळी आणि पंपाचा कनेक्टर ताणला जाऊ देऊ नका.

वायर मूळ लूमच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या) बाजूने न्या आणि नळीत घाला. स्टिअरिंगच्या माथ्यापाशी सैल वळसा ठेवा. हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण वळवून वायर कुठेही ताणत किंवा चिमटत नाही ना हे हाताने चाचपा. इंजिनच्या हेडपासून आणि सायलेन्सरच्या पाइपपासून चार बोटं तरी अंतर हवं. पिवळ्या-काळ्या साध्या चिकटपट्टीने लूम गुंडाळू नका. मे महिन्यात तिचा गोंद वितळतो आणि पावसाळ्यात ती सुटते. कापडी लूम टेप मिळते, ती घ्या.

थिंबल चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने दाबा आणि ओढून बघा. साध्या पक्कडीने चेपलेलं थिंबल महिनाभर धरतं. सोल्डर केलात तर सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि बरोबर तिथेच तुटते, म्हणून त्या जागेला हीट श्रिंकचा आणि टायचा आधार हवाच. वायरीवर चिमट्यासारखे बसवायचे निळे-लाल टॅप अजिबात नको. ते मूळ वायरीच्या तारा कापतात, आत पाणी जातं आणि एका पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं.

दिव्यांची काळी वायर फ्रेमला न जोडता थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत आणा. क्रॅशगार्डवर पावडर कोटिंग असतं, तो आणि फ्रेम यांच्यातला संपर्क बोल्टच्या चार आट्यांवर अवलंबून असतो, आणि गंज चढला की दिवे मिणमिणतात. ३ मीटर काळी वायर ही काही मोठी चैन नव्हे.

दिव्याच्या बोल्टला थरथराटाने न सुटणारा नायलॉकचा नट, किंवा साधा नट आणि आट्यांना लावायचा निळा गोंद, म्हणजे लॉकटाइट. वायर दिव्यातून निघते ती बाजू खाली ठेवा आणि कनेक्टरपाशी येण्याआधी वायर एकदा खाली झुकवून वर घ्या, म्हणजे पाणी त्या झोल्यावरून टपकेल. तापलेल्या दिव्यावर वॉशिंग सेंटरचा फवारा मारला की आतली हवा आकसते आणि कमकुवत सीलमधून पाणी आत ओढलं जातं. काचेच्या आत धुकं दिसतं ते यामुळे.

बीम बसवणं

इथे सगळे घाई करतात. गाडी सपाट जमिनीवर, भिंतीपासून ८ मीटरवर, टायरमध्ये योग्य हवा, सॅडलबॅग भरलेल्या, चालवणारा आणि मागचा दोघेही बसलेले. सामान का, तर हिशेब बघा. या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर, १४६५ मिलिमीटर. सामानाने मागचा भाग ४ सेंटिमीटर जास्त दबला, तर गाडीचं नाक इतकं वर होतं की ८ मीटरवरच्या भिंतीवर बीम जवळजवळ २२ सेंटिमीटर वर सरकतो. रिकाम्या गाडीवर अचूक लावलेला दिवा भरलेल्या गाडीवर थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, वाढवला तर हे बरंच कमी होतं.

दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. बीमची वरची कड त्या रेषेच्या निदान ८ सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे एक टक्का उतार. दिवा ७० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर बीमची वरची कड ७० मीटरवर जमिनीला टेकते. धुक्याची स्थिती वापरणार असाल तर आणखी थोडा उतार द्या, कारण तेव्हा हे दिवे डिप्परने विझणार नाहीत. बीम लांब फेकणारा असेल, तर टेललाइटची बाजू जोडूच नका. स्विचची ती पिन मोकळी ठेवा.

कायदाही इथेच येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला पुढचा प्रकाश दिपवता कामा नये. नियम १११ परवानगीशिवाय पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई करतो. पोलिसाशी हुज्जत घालायची वेळ आली तर दिवसा दिव्यांवर टोप्या चढवलेल्या असणं हा सगळ्यात सोपा बचाव, पण तो फक्त दिवसापुरताच.

नंतरची तपासणी आणि बिघाड

मल्टिमीटर बॅटरीवर लावा. सगळे दिवे चालू ठेवून, इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर, साडेतेराच्या वर व्होल्टेज मिळायला हवं. आयडलिंगला १२.७ च्या खाली गेलं, तर चौकातल्या सिग्नलवर उभं असताना बॅटरी रिकामी होते आहे असं समजा. तिथे स्विच मध्ये आणा. हायवेवर मात्र दिवे बंद ठेवून अल्टरनेटर ‘वाचतो’ असं काही नाही. ज्या गाड्यांत साधा शंट पद्धतीचा रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणारा भाग) असतो, तिथे उरलेली वीज तो उष्णतेत घालवतो.

स्विच चालू केला, टक आवाज आला पण उजेड नाही: गडबड ३०-८७ च्या बाजूला, म्हणजे ५ चा फ्यूज, ८७ चं थिंबल किंवा काळी वायर. टक आवाजच नाही: २ चा फ्यूज, स्विच किंवा ८५ चं अर्थिंग. रिले मधमाशीसारखा गुणगुणतो: गुंडाळीला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, बहुतेक वेळा ८५ सैल. एकच दिवा मंद: त्याच दिव्याच्या कनेक्टरमध्ये पाणी. फ्यूज फक्त खड्ड्यांत उडतो: वायर कुठेतरी सोलली आहे, आधी स्टिअरिंगचा माथा बघा, मग टाकीची पुढची कड.

सीटखाली एक जादा रिले आणि फ्यूजची पुडी टेपने चिकटवून ठेवा. रिलेच गेला आणि दुसरा जवळ नसला, तर बेसमधून तो उपटून ३० आणि ८७ च्या खाचांत वायरीचा छोटा तुकडा घाला. ५ चा फ्यूज मध्ये असल्यामुळे हे सुरक्षित आहे. पण मग दिवे डिप्परला जुमानणार नाहीत आणि किल्ली काढूनही विझणार नाहीत, म्हणून वस्तीत शिरताना आणि गाडी उभी करताना तो तुकडा काढायचा.